सायकलची ट्यूब : हलकी की भरवशाची?

सकाळी सहाच्या सुमारास तालुक्याच्या गावाबाहेरील डांबरी रस्त्यावर नजर टाकली, तर पूर्वी क्वचितच दिसणारे एक दृश्य हल्ली दिसते. अरुंद टायरच्या, खाली वळलेल्या हँडलच्या हलक्या सायकलींवरून चार-सहा मंडळी फिरायला निघालेली असतात. त्यांत शिक्षक असतात, बँकेतले कर्मचारी असतात, दुकानदार असतात, निवृत्त झालेले गृहस्थ असतात आणि आता भगिनीही असतात. कोणाला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेले असते, कोणाची साखर वाढलेली असते, तर कोणाच्या मनात नाशिकच्या महाजन बंधूंची गोष्ट घर करून बसलेली असते. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा डॉक्टर भावांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. पाठोपाठ २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली.

अशी सायकल घरात आली की महिन्या-दोन महिन्यांतच मालकाला वजनाचे वेड लागते. अमुक भाग बदलला की इतके ग्रॅम कमी होतात, ही चर्चा सुरू होते. त्यात सर्वांत सोपा आणि त्या मानाने स्वस्त बदल म्हणजे ट्यूबचा. ‘हलकी ट्यूब टाका, सायकल पळायला लागेल,’ असे कोणीतरी सांगतो आणि आपण दुकानाची वाट धरतो.

आरोग्याच्या सदरात सायकलच्या ट्यूबची चर्चा कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. ट्यूबमधील हवा आपल्या हातांना, मानेला आणि कमरेला बसणारे हादरे ठरवते. उतारावर ट्यूब फुटली तर ती हाड मोडू शकते. आणि घरापासून बारा किलोमीटरवर ट्यूबने दगा दिला, तर हृदयविकाराच्या किंवा मधुमेहाच्या माणसाला तो नुसता मनस्ताप राहत नाही.

फायदा नियमितपणाचा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. रोज अर्धा तास याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस सायकल चालवली की १५० मिनिटे भरतात. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, सायकलने कामावर न जाणाऱ्यांमधील मृत्यूचे प्रमाण सायकलने जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के अधिक आढळले. एवढा लाभ देणारी गोष्ट औषधांच्या दुकानात मिळणे कठीण.

मात्र हा लाभ रोज सायकल चालवणाऱ्याला मिळतो, महिन्यातून एकदा हौस भागवणाऱ्याला नाही. नियम मोडायला कारणे फार लहान पुरतात. सकाळी उठून पाहावे तो चाक बसलेले. दुरुस्तीचे दुकान दहाला उघडणार. त्या दिवशीचा व्यायाम बुडाला. दुसऱ्या दिवशी पाऊस, तिसऱ्या दिवशी लग्न, आणि आठवड्याने सायकलवर धूळ. म्हणून आरोग्यासाठी सायकल चालवणाऱ्याने ट्यूब निवडताना पहिला प्रश्न विचारावा, तो ‘किती ग्रॅमची?’ हा नव्हे. ‘ही मला रोज घरी परत आणील का?’ हा विचारावा.

ट्यूबचे काम काय?

हवेच्या टायरची कथा मनोरंजक आहे. आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात जॉन बॉयड डनलॉप नावाचे एक पशुवैद्य होते. आपल्या लहान मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर सुरळीत चालावी म्हणून त्यांनी तिच्या चाकांवर हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. त्यापूर्वी सायकलींना भरीव रबराची धाव असे आणि बसणाऱ्याच्या अंगातली हाडे खिळखिळी होत. १८९१ साली फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा हवेचा टायर आणला, तेव्हा पंक्चर काढणे सोपे झाले. पुढे १९३७ साली अमेरिकेत ब्यूटाइल हे कृत्रिम रबर तयार झाले. नैसर्गिक रबरापेक्षा ते हवा कितीतरी जास्त काळ धरून ठेवते. आज आपल्या सायकलींच्या बहुतेक काळ्या ट्यूब याच रबराच्या असतात.

म्हणजे ट्यूबची कामे दोन. हवा धरून ठेवायची आणि रस्त्याचे हादरे त्या हवेवर झेलायचे. हलकेपणा हा तिचा तिसरा गुण. पहिल्या दोन कामांत ती कमी पडत नसेल, तरच त्याचे कौतुक.

बाजारातील प्रकार

अरुंद टायरच्या सायकलीसाठी आज चार प्रकारच्या ट्यूब मिळतात.

पहिली साधी ब्यूटाइल ट्यूब. वजन साधारण १०० ग्रॅम. एकदा हवा भरली की आठवडाभर फार उतरत नाही. पंक्चर झाले तर गावातला कोणताही पंक्चरवाला ती घासून, सोल्युशन लावून, ठिगळ मारून देतो.

दुसरी हलकी ब्यूटाइल ट्यूब. रबर तेच, पण भिंत पातळ. वजन ७० ग्रॅमच्या आसपास. दुरुस्तीची रीतही तीच. मात्र पातळ असल्याने काटा लवकर पोहोचतो आणि बसवताना जास्त जपावे लागते.

तिसरी लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची ट्यूब. वजन ८० ग्रॅमच्या आसपास. फुग्यासारखी लवचीक असल्याने ती सायकलीला मऊ चाल देते. पण तिच्यातून हवा झिरपत राहते. रात्री भरलेली हवा सकाळी उतरलेली असते, त्यामुळे प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी पंप मारावा लागतो.

चौथी नव्या जमान्यातील टी.पी.यू. नावाच्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची ट्यूब. ही पारदर्शक किंवा रंगीत असते. वजन ३५ ते ४० ग्रॅम, काही तर त्याहूनही कमी. घडी केली तर मुठीत सहज मावते. हवाही बरी धरते. किंमत मात्र साध्या ट्यूबच्या कित्येक पट असू शकते. शिवाय आपल्या पंक्चरवाल्याचे नेहमीचे सोल्युशन हिला चालत नाही. तिच्यासाठी वेगळे चिकट ठिगळ जवळ बाळगावे लागते.

वजनाचा हिशेब

आता थोडे गणित करू. दोन्ही चाकांत साध्या ट्यूब काढून टी.पी.यू.च्या टाकल्या तर सुमारे १३० ग्रॅम वाचतात. एका कपभर चहाचे वजन साधारण तेवढेच. समजा, तुमचे वजन ७५ किलो, सायकल १० किलो आणि कपडे, पाणी वगैरे २ किलो. एकूण झाले ८७ किलो. त्यातले १३० ग्रॅम म्हणजे एका टक्क्याचा जेमतेम सातवा हिस्सा, सुमारे ०.१५ टक्के. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला पोहोचायला तुम्हाला एक तास लागत असेल, तर हे वजन कमी केल्याने वाचतील पाच-सहा सेकंद. वाटेत एकदा घाम पुसायला थांबलात तरी ते गेले.

चाकाच्या कडेचे वजन दुप्पट भारी पडते, असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते वेग वाढवतानाच. चाक पुढेही जाते आणि गोलही फिरते, म्हणून त्याला वेग द्यायला जास्त शक्ती लागते. एकदा एकसारख्या वेगाने सायकल चालू लागली की हा फरक राहत नाही. सकाळी सावकाश तासभर फिरणाऱ्या माणसाला त्याचा लाभ नगण्य.

लॅटेक्स आणि टी.पी.यू.चा आणखी एक लाभ सांगितला जातो. चाक फिरताना टायर आणि ट्यूब रस्त्याशी टेकतात तिथे सतत दबतात आणि पुन्हा फुगतात. त्यात थोडी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पातळ, लवचीक ट्यूबमध्ये ती कमी वाया जाते. हा लाभ खरा आहे, पण तो काही वॅटचाच आहे. शर्यतीत उतरणाऱ्याला तो मोलाचा वाटेल. आपण तर घाम यावा म्हणूनच घराबाहेर पडतो. पोटावरचे दोन किलो उतरले, तर कोणत्याही ट्यूबपेक्षा पंधरापट वजन वाचते.

हवा किती भरावी?

ट्यूबच्या वजनापेक्षा तब्येतीवर जास्त परिणाम करते ती हवा. ‘टायर दगडासारखा टणक म्हणजे सायकल वेगात’ अशी एक समजूत आहे. गुळगुळीत रस्त्यावर ती काही अंशी ठीक आहे. पण आपल्याकडील खडीच्या, ठिगळ मारलेल्या रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खडा थेट तळहातापर्यंत पोहोचवतो. सायकल पुढे जाण्याऐवजी वर-खाली उडते आणि त्यात शक्तीही जाते.

मनगटाच्या करंगळीकडील बाजूने एक नस तळहातात उतरते. हँडलवरील सततचा दाब आणि हादरे यांमुळे ती दुखावते. मग करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. काही जणांना बटण लावणे, किल्ली फिरवणे जड जाते. अशा वेळी हवा पाच-पाच पौंडांनी कमी करून पाहावी, गादीचे हातमोजे घालावेत, दर काही मिनिटांनी हाताची जागा बदलावी. आठवडाभरात बधिरपणा गेला नाही किंवा पकड ढिली झाली, तर डॉक्टरांना दाखवावे. मधुमेही माणसाने तर मुळीच थांबू नये, कारण त्याच्या नसा आधीच नाजूक झालेल्या असू शकतात.

साधारण ७० किलो वजनाच्या माणसाला २५ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये ८० ते ९० पौंड, २८ मिलिमीटरमध्ये ६५ ते ८० पौंड आणि ३२ मिलिमीटरमध्ये ५० ते ६५ पौंड हवा पुरते. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी ठेवावी, कारण शरीराचा जास्त भार मागे असतो. हे आकडे अंदाजाचे आहेत. टायरच्या बाजूवर आणि रिमवर कमाल मर्यादा छापलेली असते. त्या दोन्हींत जी कमी, ती ओलांडू नये. सायकलीत बसत असेल तर थोडा रुंद टायर घेणे हाडांना सोयीचे. शर्यतीतले व्यावसायिक सायकलपटूसुद्धा २३ मिलिमीटरवरून आता २८ आणि त्याहून रुंद टायरवर आले आहेत.

हवा फार कमी ठेवणेही वाईट. खड्ड्यात चाक आदळले की ट्यूब रिम आणि टायर यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. अरुंद टायर अंगठ्याने दाबून हवेचा अंदाज येत नाही. त्यामुळे हलक्या ट्यूबवर पैसे घालण्याआधी काटा असलेला उभा पंप घ्यावा. पेट्रोल पंपावरच्या यंत्राची हवा अरुंद टायरमध्ये क्षणात मर्यादेबाहेर जाते, म्हणून ते टाळलेले बरे. उन्हाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी. सकाळी २५ अंश तापमानात ८० पौंड भरलेली हवा उन्हात ५० अंशांपर्यंत तापली की जवळजवळ ८८ पौंड होते. म्हणून कमाल मर्यादेपर्यंत हवा भरून सायकल उन्हात उभी करू नये.

कोणी काय टाळावे?

रबरी हातमोजे घातल्यावर किंवा फुगे फुगवताना ज्यांना खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, शिंका किंवा धाप लागते, त्यांना लॅटेक्सची ॲलर्जी असण्याचा संभव असतो. रुग्णालयात काम करणारे आणि बऱ्याच शस्त्रक्रिया झालेले लोक यांच्यात ती अधिक आढळते. त्यातील काहींना केळे किंवा किवी खाल्ल्यावरही त्रास होतो. अशा माणसाने लॅटेक्सची ट्यूब घेऊ नये आणि दुसऱ्याची बसवायलाही हात लावू नये. ब्यूटाइल आणि टी.पी.यू. ही कृत्रिम द्रव्ये आहेत. त्यांत लॅटेक्सची प्रथिने नसतात.

घाट उतरणाऱ्यांनीही सावध राहावे. ज्या सायकलीचे ब्रेक रिमला घासतात, तिची रिम लांब उतारावर चांगलीच तापते. लॅटेक्स आणि टी.पी.यू. या दोन्हींना उष्णता मानवत नाही. टी.पी.यू.च्या काही ट्यूब तर रिमब्रेकच्या सायकलीला वापरू नयेत, अशी सूचना उत्पादकच देतात. खोक्यावरील मजकूर वाचल्याशिवाय ट्यूब घेऊ नये. उतारावर ब्रेक सतत धरून न ठेवता मधूनमधून, पुढचा आणि मागचा मिळून दाबावा. वेगात पुढचे चाक फुटले तर खांद्याचे हाड आणि डोके यांना पहिला मार बसतो. म्हणून हेल्मेट हवेच. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर त्याविना बाहेर पडू नये.

मधुमेहाच्या ज्या रुग्णांना इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत, त्यांची आणखी एक अडचण असते. नाश्त्याला आठला परतायचे म्हणून निघालेला माणूस पंक्चर होऊन दहापर्यंत उन्हात सायकल ढकलत राहिला, तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर ही त्याची लक्षणे. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पूड, बिस्किटांचा पुडा आणि फोन असावाच. हृदयविकाराच्या रुग्णाने सायकल ढकलत चढ चढू नये. सावलीत बसून घरून कोणाला तरी बोलवावे.

दुकानात जाण्यापूर्वी

टायरच्या बाजूवरचे आकडे कागदावर लिहून न्यावेत. ‘७०० x २५’ किंवा ‘२५-६२२’ असे काहीतरी लिहिलेले असते. ट्यूबच्या खोक्यावर ‘१८ ते २५’ किंवा ‘२५ ते ३२’ अशी रुंदी दिलेली असते. आपला टायर त्यात बसला पाहिजे. लहान ट्यूब मोठ्या टायरमध्ये ताणली की आणखी पातळ होते, मोठी लहानात घातली की तिला घड्या पडतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा २८ इंची टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमवर बसतो. नव्या सायकलीची रिम ६२२ मिलिमीटरची असते. दोन्ही दिसायला सारख्याच, म्हणून ‘अठ्ठावीसची द्या’ एवढेच सांगून भागत नाही.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. अरुंद टायरच्या सायकलींना बहुधा बारीक, टोकाला छोटी चकती असलेला व्हॉल्व्ह असतो. हवा भरण्यापूर्वी ती चकती सैल करावी लागते. मोटारसायकलीसारखा जाड व्हॉल्व्ह त्या रिमच्या भोकात जात नाही. रिम खोल असेल तर व्हॉल्व्हही लांब हवा, नाहीतर पंप लागत नाही.

ट्यूब बसवताना आधी टायरच्या आतून बोट हळुवार फिरवावे. सराट्याचा किंवा बाभळीचा मोडलेला काटा आतच राहिला असेल, तर नवी ट्यूबही पहिल्या किलोमीटरला जाते. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती थोडी हवा भरून ती घालावी. टायर अंगठ्यांनीच चढवावा, स्क्रूड्रायव्हर वापरू नये. शेवटी चहूबाजूंनी टायर दाबून ट्यूब कुठे अडकली नाही ना, हे पाहून मगच पूर्ण हवा भरावी.

मग हलकी ट्यूब घ्यावी का?

शर्यतीत उतरणाऱ्यांनी, घाटाची हौस असणाऱ्यांनी जरूर घ्यावी. तिचा आनंद खरा आहे. बाकीच्यांसाठी माझा सल्ला असा, की दोन्ही चाकांत चांगल्या कंपनीची साधी ब्यूटाइल ट्यूब ठेवावी आणि बैठकीखालच्या पिशवीत जादा ट्यूब म्हणून, रिमब्रेकला चालेल हे पाहून, टी.पी.यू.ची बाळगावी. तिथे तिचे लहान आकारमान खरोखर कामी येते. सोबत दोन टायरपट्ट्या, छोटा पंप आणि ठिगळे ठेवावीत. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या उपक्रमांत २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत पुरे करायचे असते आणि वाटेतले पंक्चर ज्याचे त्याने काढायचे असते. त्या मंडळींची ही तयारी आपणही उचलावी.

एखाद्या रविवारी दुपारी अंगणात बसून मागचे चाक काढावे, ट्यूब बाहेर काढावी आणि पुन्हा बसवावी. पहिल्या वेळी अर्धा तास जाईल, चौथ्या वेळी दहा मिनिटे पुरतील. घरातल्या मुलांनाही सोबत घ्यावे. हे एकदा हातात बसले की गावापासून वीस किलोमीटरवर जाण्याची भीती राहत नाही, आणि भीती गेली की सकाळचा नेम सहसा चुकत नाही.